जुनी लोगन डिझेल सकाळी चालू होत नाही? पंप बदलण्याआधी हे तपासा

सेल जोरात फिरतो, टाकीत डिझेल आहे, बॅटरी मागच्याच वर्षी घेतलेली आहे, तरी सकाळी गाडी उचलत नाही. तीन-चारदा चावी फिरवल्यावर धूर सोडत, थरथरत चालू होते आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लोगन आणि व्हेरिटो डिझेलवाल्यांकडून माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. गॅरेजमध्ये नेली की पहिला शब्द ऐकू येतो, "पंप गेला." पंप आणि नोझलचा खर्च ऐकून माणूस गाडीच काढायचं ठरवतो. पंधरा वर्षं पूर्ण झाल्यावर पासिंग करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेतलेल्या धडधाकट गाड्या अशा भंगारात गेलेल्या मी पाहिल्यात, आणि ते मला मनापासून खटकतं. कारण या तक्रारीत पंप क्वचितच दोषी असतो. बहुतेक वेळा डिझेल लाइन कुठेतरी हवा ओढत असते, नाहीतर एखादं कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लग, सैल झालेलं असतं.

ज्यांना गाडीची कुंडली माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लोगन ही रेनोने घडवलेली गाडी. २००४ मध्ये ती रुमानियात डासिया नावाने आली आणि २००७ मध्ये महिंद्र-रेनो भागीदारीत नाशिकच्या कारखान्यातून आपल्याकडे उतरली. २०१० मध्ये भागीदारी संपली आणि २०११ पासून तीच गाडी व्हेरिटो झाली. डिझेल इंजिन १४६१ सीसीचं, रेनोचं के९के. युरोपात क्लिओ, कांगू, मेगान अशा घरगुती गाड्यांत हेच इंजिन २००१ पासून बसलं. आपल्याकडे डस्टर, मायक्रा, सनीच्या डिझेल गाड्यांतही त्याचीच भावंडं आहेत. त्या गाड्यांत काही भाग वेगळ्या जागी असतील, पण तपासाची पद्धत तीच राहते.

आधी लक्षण नीट ओळखा

"चालू होत नाही" या एका तक्रारीखाली पाच-सहा वेगवेगळे दोष लपतात. लक्षण नीट सांगितलंत तर अर्धा तपास तिथेच होतो.

सकाळी बराच वेळ सेल मारावा लागतो, मग गाडी अडखळत उचलते आणि दिवसभर ठीक चालते: डिझेल लाइनमध्ये हवा. गाडी चढावर, नाक वर करून उभी केली होती किंवा टाकी पाव भागाच्या खाली होती, तेव्हा त्रास जास्त होतो का, हे आठवून पाहा. उत्तर "हो" असेल तर संशय आणखी पक्का.

चालती गाडी अचानक बंद पडते, अगदी कुणी चावी काढून घेतल्यासारखी, आणि पाच-दहा मिनिटांनी काही न करता पुन्हा चालू होते: टीडीसी सेन्सर (इंजिन फिरतंय की नाही हे सांगणारा) किंवा त्याचं कपलर. इथे एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. हवेमुळे बंद पडणारी गाडी आधी ओढ सोडते, हिसके देते, मग मरते. सेन्सरमुळे बंद पडणारी कसलीही पूर्वसूचना देत नाही. ड्रायव्हरला हा एकच प्रश्न विचारला तरी बरंच कळतं.

लांबच्या प्रवासातून आल्यावर गरम इंजिन उचलत नाही, थंड झाल्यावर उचलतं: पुन्हा सेन्सर, नाहीतर झिजलेले इंजेक्टर, म्हणजे डिझेल फवारणारे नोझल.

फक्त कडाक्याच्या थंडीत त्रास, सोबत पांढरा धूर: हीटर प्लग (थंडीत सिलिंडर आतून तापवणारा). सेलच मंद फिरतो: बॅटरी किंवा अर्थिंग (बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिनला जोडणारी पट्टी). आणि सेल नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतो, इंजिनचा दम लागल्याचा आवाजच येत नाही, तर ताबडतोब हात थांबवा. टायमिंग बेल्ट तुटलेला किंवा सरकलेला असू शकतो. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, त्यामुळे प्रत्येक जादा सेल नुकसान वाढवतो. अशा वेळी गाडी टो करूनच न्यायची.

ही गाडी हवा का ओढते

हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांच्या टाकीत विजेचा पंप असतो आणि तो डिझेल पुढे ढकलतो. या गाडीतल्या डेल्फी कंपनीच्या डिझेल सिस्टिममध्ये तसा पंप नाही. हाय प्रेशर पंपाच्या पोटातच एक छोटा पंप आहे आणि तो टाकीपासून इंजिनपर्यंतची सगळी लाइन ओढतो. म्हणजे इंजिन चालू असताना टाकी ते पंप या मार्गात डिझेल दाबाखाली नसतं, ओढीखाली असतं. शहाळ्याच्या स्ट्रॉला मधे बारीक भोक असेल तर पाणी बाहेर गळत नाही, तोंडात हवा येते, तसंच हे.

म्हणून "खाली एक थेंबही गळत नाही, मग लीकेज कुठून असेल?" हा प्रश्न इथे फसवतो. जॉइंट कोरडा ठणठणीत दिसतो आणि तरी हवा आत घेत असतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं. सकाळी पंपाला आधी ती हवा उपसावी लागते, रेलमधला, म्हणजे पंप आणि इंजेक्टरमधल्या जाड नळीतला, दाब चढत नाही, आणि दाब साधारण २०० बारच्या आसपास गेल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडत नाही. दिवसा लाइन भरलेली असते म्हणून त्रास नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच. लाइनमध्ये हवा असताना मिनिट-मिनिट सेल मारत राहिलात तर पंप कोरडा घासतो, धातूचा बारीक बुरादा सुटतो आणि तो रेलमधून थेट इंजेक्टरमध्ये जातो. म्हणजे काही शे रुपयांच्या दोषावर जोरजबरदस्ती केली की तो खरोखरच पंप-नोझलच्या खर्चाचा होतो. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नका, मधे अर्धा मिनिट थांबा, आणि तीन प्रयत्नांत उचलली नाही तर पुढचा तपास करा. धक्का मारून चालू करणं टाळा. हवा धरलेल्या डिझेल गाडीला धक्क्याचा उपयोग नाही आणि टायमिंग बेल्टवर हिसका बसतो तो वेगळाच. एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारण्याचा उपाय कुणी सांगितला तर स्पष्ट नाही म्हणा. हीटर प्लग तापलेले असताना तो स्प्रे चुकीच्या क्षणी पेटतो आणि पिस्टनला इजा करतो.

पैसा न लागणारे तपास

चावी ऑन करा आणि इमोबिलायझरचा (चावीतली चिप ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा) लाल दिवा पाहा. तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. भराभर लुकलुकत राहिला तर गाडीने चावी ओळखलेली नाही. दुसरी चावी लावून पाहा. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल तर ती बाजूला काढा. इथे अडलेल्या गाडीचं डिझेल तपासण्यात वेळ घालवू नका.

टाकीचं झाकण उघडा. जोरात हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला तर झाकणाची हवा येण्याची वाट बुजली आहे. टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला डिझेल ओढताना झगडावं लागतं. झाकण सैल ठेवून शहरातच दोन दिवस गाडी चालवून पाहा. फरक पडला तर झाकण बदला, काम झालं.

काट्यावर विश्वास ठेवू नका. जुन्या लोगनमध्ये डिझेलचा काटा बरेचदा खोटं सांगतो. पाव टाकीखाली कसारा घाटासारख्या लांब चढावर त्रास होत असेल तर आधी दहा लिटर डिझेल टाका आणि मगच पुढचा विचार करा.

मग बॅटरी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. आता कुणाला तरी सेल मारायला सांगून आकडा पाहा. तो ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी कमजोर आहे, मग ती कितीही नवी असो. पुढचं माप लोक घेत नाहीत, आणि तेच घ्यायला हवं. मल्टिमीटरची एक टोच बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल मारा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या खाली राहिला पाहिजे. जास्त आला तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. कोकणात आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत हे फार दिसतं. पट्टी सोडून, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून वर ग्रीस लावा. सेल मंद फिरला की पंपही मंद फिरतो आणि दाब चढत नाही. म्हणून पंपावर आरोप करण्याआधी हे माप घेतलंच पाहिजे.

प्रायमरची परीक्षा

बॉनेट उघडल्यावर डिझेल फिल्टरजवळच्या लाइनमध्ये मुठीत मावेल असा काळा रबरी फुगा दिसेल. तो हँड प्रायमर. याच्याइतकं खरं बोलणारं साधन या गाडीत दुसरं नाही.

संध्याकाळी गाडी बंद केल्यावर फुगा दाबून कडक करा. सकाळी चावी लावण्याआधी पुन्हा दाबा. कडकच असेल तर लाइनने रात्रभर डिझेल धरून ठेवलंय, हवेचा संशय जवळपास मिटला, पुढे टीडीसी सेन्सरकडे जा. पण फुगा मऊ पडला असेल आणि दहा-वीसदा दाबल्यावरच कडक झाला असेल, आणि त्यानंतर गाडी पहिल्या सेलला उचलली, तर दोष सापडला. लाइन हवा ओढते. आता फक्त कुठून, एवढंच शोधायचं.

ही परीक्षा एकाच सकाळी करून निकाल देऊ नका. लागोपाठ तीन सकाळी करा: एकदा सपाट जागी, एकदा चढावर, एकदा टाकी भरलेली असताना. फुगा कितीही दाबला तरी कडकच होत नसेल तर त्याच्या आतली झडप गेली आहे किंवा रबर चिरलंय. वाकवून पाहिलं की बारीक चिरा दिसतात. पंधरा वर्षं इंजिनच्या उष्णतेत राहिलेलं रबर आहे ते. बदला, स्वस्त आहे.

सकाळी घाई असेल तर रोज फुगा दाबून गाडी चालू करणं हा काही दिवसांपुरता उपाय चालतो. महिनोन्महिने तसंच ढकलत राहू नका. चालत्या गाडीत हवेचे बुडबुडे पंपात जात राहतात, आणि कोरडं घासण्याबद्दल वर लिहिलंच आहे.

फिल्टर आणि जॉइंट

फिल्टरच्या तळाशी पाणी सोडण्याचा स्क्रू आहे. खाली पारदर्शक बाटली धरून थोडं डिझेल सोडा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. पावसाळ्यात हा तपास सगळ्यात आधी करावा. फिल्टर मी २० हजार किलोमीटरच्या आत बदलतो आणि पाणी एकदा सापडलं तर लगेच. नवा बसवताना तो स्वच्छ डिझेलने भरून घ्या आणि प्रायमर कडक होईपर्यंत दाबा, मगच सेल मारा. "सेल मारून आपोआप भरतं" म्हणणाऱ्याच्या हातात ही गाडी देऊ नका.

आता जॉइंट. इथे घाई केली की दोष हातातून निसटतो.

फिल्टरला लागणारे पाइप दाबून निघणाऱ्या प्लॅस्टिकच्या कपलिंगने जोडलेले आहेत. आत एक छोटी काळी ओ-रिंग असते. दर वेळी फिल्टर बदलताना ही कपलिंग निघते आणि बसते, ओ-रिंग मात्र तीच. कपलिंग काढून उजेडात धरा, टूथपिकने ओ-रिंग अलगद बाहेर काढा आणि दोन बोटांत फिरवून पाहा. चांगली रिंग गोल असते, दाबली की परत फुगते. गेलेली रिंग एका बाजूने चपटी झालेली असते, चमकते, आणि किंचित ताणली की तिच्यावर आडव्या रेघा उमटतात. नुसत्या डोळ्याला ती ठीकच वाटते, बोटांना कळतं. कपलिंग बसवून पाइप हलकेच डावी-उजवीकडे हलवा. टिचकीएवढा जरी खेळ जाणवला तर हवा तिथूनच जाते असं समजा.

माझ्या मामांची लोगन वर्षभर याच त्रासात होती. एका गॅरेजने पंप बदलायला सांगितला, दुसऱ्याने चारही इंजेक्टर. मामा म्हणाले, "अरे, एवढ्या पैशात दुसरी येईल मला." प्रायमर रोज सकाळी मऊ मिळत होता. फिल्टरवरच्या आत येणाऱ्या पाइपची ओ-रिंग चपटी निघाली. डिझेल सोसणारी, मापाची नवी रिंग घातल्यापासून ती गाडी पहिल्या सेलला उचलते आणि मामा अजून तीच चालवतात.

ओ-रिंग घेताना डिझेल आणि उष्णता सोसणारी, म्हणजे व्हिटॉनची मागा. साधी रबरी रिंग डिझेलने फुगते आणि काही महिन्यांत पुन्हा तेच सुरू होतं. जॉइंटवर सील लावणं, टेप गुंडाळणं, एम-सील थापणं यातलं काहीही करू नका. ओढीखालच्या लाइनवर ते टिकत नाही आणि आत गेलेला कण थेट पंपात जातो.

फिल्टर ते पंप हा पाइप अर्धपारदर्शक असेल तर इंजिन चालू असताना त्यात टॉर्च मारून पाहा. एखाद-दुसरा मोहरीएवढा बुडबुडा चालतो. सलग साखळी किंवा फेस दिसला तर हवा येते. पाइप काळा पडला असेल तर डिझेलला चालणारा पारदर्शक पाइपचा तुकडा तपासापुरता जोडा.

कॅन लावून दोष अर्धा करा

जॉइंट नीट करूनही प्रायमर मऊ पडत असेल तर दोष टाकीच्या बाजूला आहे की इंजिनच्या, हे ठरवायचं. फिल्टरला येणारा टाकीचा पाइप काढा आणि त्या जागी एका स्वच्छ कॅनमधून फिल्टरच्या उंचीवर ठेवलेलं डिझेल जोडा. रिटर्नचा पाइपही (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणारा) त्याच कॅनमध्ये सोडा, नाहीतर कॅन लवकर रिकामा होईल. कॅन गरम भागापासून आणि पंख्यापासून दूर, घट्ट बांधलेला हवा. गाडी जागेवरच चालवायची, रस्त्यावर न्यायची नाही. रात्रभर तसंच ठेवून सकाळी सेल मारा.

पहिल्या झटक्यात उचलली तर फिल्टरपासून पुढचं सगळं निर्दोष आणि दोष मागे: टाकीतल्या युनिटचा पाइप, मागच्या सीटखालचा जॉइंट किंवा गाडीखालून जाणारी लाइन. खाली दगड लागून चेपलेली लाइन मी बऱ्याचदा पाहिली आहे, विशेषतः शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांत. कॅन लावूनही त्रास तसाच राहिला तर दोष फिल्टरचं डोकं, प्रायमर, पंपाकडचा जॉइंट किंवा त्यापुढे आहे.

१९९० च्या दशकात कल्याणला बनलेली प्यूजो ३०९ डिझेल आजही कुणाकडे जपलेली असेल, तर तिच्यातला पंप पूर्ण वेगळा, यांत्रिक आहे, पण सकाळच्या हवेसाठी कॅनची ही परीक्षा तिलाही चालते.

टीडीसी सेन्सरचं कपलर

प्रायमर कडक, बॅटरी चांगली, आणि तरी गाडी मधेच मरते किंवा गरम झाल्यावर उचलत नाही, तर इथे या. हा सेन्सर गिअरबॉक्सच्या हाउसिंगवर, फ्लायव्हीलच्या दातांसमोर बसतो. इंजिन फिरतंय की नाही आणि पिस्टन कुठे आहे, हे ईसीयूला यावरूनच कळतं. सिग्नल क्षणभर तुटला की ईसीयू डिझेल बंद करतो. म्हणून गाडी चावी काढल्यासारखी मरते.

बॅटरी सोडवा, कपलर काढा आणि आतल्या पितळी टाचण्या पाहा. तेलकट काळा मळ असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि पूर्ण सुकू द्या. मग खरा तपास: सुट्या, त्याच जाडीच्या टाचणीने प्रत्येक खोबणीची पकड अजमावून पाहा. टाचणी आपोआप सुटून आली तर खोबणी सैल झाली आहे. बारीक सुईने ती हलकेच आवळता येते, पण हा तात्पुरता इलाज. त्या काळच्या रेनो गाड्यांत ही ओळखीची दुखरी जागा आहे. कपलर वायरच्या तुकड्यासह नवं मिळतं, ते सोल्डर करून लावणं उत्तम. नुसता सेन्सर बदलून जुनं कपलर तसंच ठेवलं तर महिन्या-दोन महिन्यांत गाडी पुन्हा बंद पडते, आणि मग लोक म्हणतात सेन्सर डुप्लिकेट निघाला.

सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटलेला असेल तर पुसून काढा. फार जास्त असेल तर फ्लायव्हील किंवा क्लच बाजूला काहीतरी घासतंय, ते क्लचवाल्याला दाखवा.

हीटर प्लग

नाशिक, निफाड, पुणे भागात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा हे महत्त्वाचे. मुंबईत किंवा गोव्यात मे महिन्यात गाडी उचलत नसेल तर हीटर प्लगवर पैसे घालवू नका. युरोपात जुनी मेगान किंवा कांगू चालवणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र हा तपास वर घ्यावा.

वायर काढून प्लगचं टोक ते इंजिन असा रेझिस्टन्स मोजा. एक ओहमच्या आत असेल तर चांगला, मीटर काहीच दाखवत नसेल तर गेला. चारही चांगले निघाले तर रिले आणि फ्यूज पाहा. प्लग काढायची वेळ आली तर आदल्या रात्री गंज सुटणारं तेल सोडा आणि इंजिन कोमट असताना हळू फिरवा. अडकला तर जोर लावू नका. आत मोडलेला प्लग काढायला हेड उतरवावं लागू शकतं, म्हणून अडकलेला प्लग मेकॅनिकच्याच हातात द्यावा.

स्कॅनर

इथपर्यंत सापडलं नाही तर लाइव्ह डेटा, म्हणजे ईसीयूचे आकडे त्याच क्षणी, दाखवणारा स्कॅनर असलेल्याकडे जा. नुसते कोड वाचून पुसणारा नको. सेल मारताना त्याला तीन गोष्टी पाहायला सांगा. इंजिनचे फेरे: २०० च्या आसपास किंवा वर हवेत. शून्य दिसले तर सेन्सरच. रेलचा प्रत्यक्ष दाब: मागितलेल्या दाबाच्या जवळ चढतो का. आणि तो चढायला किती वेळ लागतो. पहिले काही सेकंद शून्याजवळ राहून मग एकदम चढला तर हवा. हळूहळू रांगत चढून मधेच अडला तर गळती आतली आहे, म्हणजे इंजेक्टर, पंप किंवा पंपावरची मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारी).

इथे थांबा

यापुढचं काम घरी किंवा नाक्यावरच्या गॅरेजमध्ये करू नका. डिझेल लॅबमध्ये, म्हणजे पंप-इंजेक्टर तपासून दुरुस्त करणाऱ्याकडे, न्या.

हाय प्रेशर पाइपचा नट चालू इंजिनवर सैल करून "एअर काढायची" ही जुन्या ट्रक-ट्रॅक्टरची पद्धत या गाडीत जिवावर बेतू शकते. रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो. इतक्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते. बाहेर फक्त टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत मांस सडतं. असं कधी झालं तर दुखत नसलं तरी त्याच घटकेला हॉस्पिटल गाठायचं आणि डिझेल आत गेलंय हे स्पष्ट सांगायचं.

फिल्टर कापून आतलं डिझेल पांढऱ्या फडक्यावर ओता. उन्हात चंदेरी चमक दिसली तर तो पंपाचा बुरादा. आता सेल अजिबात मारू नका. बुरादा दिसल्यावर फक्त पंप बदलून चालत नाही. रेल, पाइप, इंजेक्टर, टाकी सगळं तपासून साफ करावं लागतं, आणि हा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून पाहण्याची वेळ खरोखर इथे येते, आधी नाही.

इंजेक्टरचा संशय असेल तर लॅबवाल्याला आधी रिटर्न टेस्ट करायला सांगा. चारही इंजेक्टरच्या परतीच्या डिझेलला चार बाटल्या लावून कोण जास्त परत सोडतो ते पाहतात. एकच बाटली भराभर भरली तर दोष एकाच इंजेक्टरचा. अशा वेळी चारही बदलायला लावणाऱ्याला कारण विचारा. रेनोच्या मोजणीत पहिला सिलिंडर फ्लायव्हीलच्या बाजूचा असतो, बेल्टच्या बाजूचा नाही. हे माहीत नसल्याने चांगला इंजेक्टर निघतो आणि वाईट आतच राहतो. नवा किंवा दुरुस्त इंजेक्टर बसला की त्याच्यावरचा १६ अक्षरांचा कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो. कोड भरल्याची नोंद बिलावर लिहून घ्या.

लॅबमध्ये जाताना एका कागदावर हे लिहून न्या: तीन सकाळी प्रायमर मऊ होता की कडक, कॅन लावल्यावर काय झालं, सेल मारताना बॅटरीचा आकडा किती उतरला, गाडी हिसके देऊन मरते की एकदम, थंड असताना त्रास की गरम असताना, फिल्टर शेवटचा कधी बदलला. गाडी लावून निघण्याआधी लॅबवाल्यासमोर तो कागद वाचून दाखवा, आणि जुने काढलेले भाग परत मागून घ्या.